इंगळी सांभाळताना



विंचू पाळतात असं म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी पाय वर घेतो. पण युरोप-अमेरिकेत कित्येक वर्षांपासून हौशी लोक काचेच्या पेटीत विंचू ठेवत आले आहेत. त्यांची मागणी मुख्यतः दोघांना असते. एक पश्चिम आफ्रिकेतला एम्परर विंचू आणि दुसरे आशियातल्या दमट रानांतले मोठे काळे विंचू. हे दुसरे आपल्याला परके नाहीत. आपली इंगळी त्यांच्याच कुळातली.

कद्र्याहून अणशीचा घाट चढून जोयड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तांबड्या मातीच्या दरडी आहेत. त्या दरडींत, झाडांच्या मुळांशी, जांभ्याच्या दगडांखाली इंगळीची बिळं असतात. बिळाचं तोंड आडवं, लंबगोल. मृगाचे पाऊस सुरू झाले की अंधार पडल्यावर त्या तोंडाशी दोन जाड चिमटे येऊन थांबतात आणि तासन् तास हलत नाहीत. रातकिडा किंवा झुरळ जवळून गेलं की झडप, आणि पुन्हा आत. हा प्राणी धावून शिकार करणारा नाही, वाट बघणारा आहे. त्याला बंदिस्त ठेवायचं तर काय करावं आणि काय करू नये, याची निम्मी उत्तरं या एका गोष्टीत मिळतात.

या गटाचा अभ्यास जुना आहे. पोकॉक नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली ब्रिटिश भारतातल्या विंचू-कोळ्यांवर ग्रंथ लिहिला. कारवारचा आपला मुलूख तेव्हा कनारा म्हणून ओळखला जाई. त्याच नावावरून त्याने एका काळ्या विंचवाला कनारेन्सिस म्हटलं. पुढे १९८३ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या टिकाडर आणि बस्तवडे यांनी भारतातल्या विंचवांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. आजही या विषयात पाऊल टाकणाऱ्याला तो उघडावाच लागतो. २०२० मध्ये या काळ्या विंचवांची नव्याने वर्गवारी झाली आणि त्यांतल्या सह्याद्रीतल्या विंचवांना सह्याद्रीमेट्रस अशी स्वतंत्र प्रजात मिळाली.

आता पेटीकडे वळू. इंगळीला मोठी जागा लागत नाही, खोल जागा लागते. तळाशी निदान चार ते सहा इंच माती हवी. काथ्याचा भुसा आणि रानातली माती मिसळून चालते, मात्र ती खत किंवा औषध न मारलेली असावी. मूठभर माती हातात घेऊन दाबली तर तिचा गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये, इतकीच ओल. वर झाडाच्या सालीचा एक तुकडा तिरका टेकवून ठेवला की त्याच्याखाली ती स्वतः बीळ कोरते. रात्री बघितलं तर चिमट्यांनी आणि पायांनी माती ओढून बाहेर टाकत असते. असं खोदणं हे तिच्या तब्येतीचं चांगलं लक्षण मानावं. नुसती जाळी, रंगीत खडे आणि प्लॅस्टिकची झाडं घातलेल्या पेटीत बिळाला जागाच नसते. तिथे ती कोपऱ्यात अंग आक्रसून बसते. लोकांना वाटतं, शांत आहे. ती शांत नसते, त्रासलेली असते.

ओलाव्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बंदिस्त विंचू बहुतेक वेळा इथेच मरतात. विंचवाच्या पोटाखाली चार जोड्या श्वसनछिद्रं असतात आणि आत पानांच्या चळतीसारखी फुप्फुसं. हवा फार कोरडी झाली की अंगातलं पाणी उडतं आणि कात अडकते. उलट, पेटीचं झाकण घट्ट लावून आत पाणी शिंपडत राहिलं की बुरशी धरते. अंगावर तपकिरी-काळे डाग पडतात, आणि एकदा ते सांध्यांत शिरले की काही करता येत नाही. म्हणून दमटपणा हवा आणि हवाही खेळती हवी. माती खालून ओली आणि वरून जराशी सुकी असावी. बाजूच्या कडेने थोडं पाणी सोडलं की हे साधतं, वरून फवारायची गरज नाही. अणशीच्या रानातही पालापाचोळ्याचा वरचा थर सुकला तरी खालची माती ओली राहते.

ऊब चोवीस ते तीस अंश सेल्सियसच्या दरम्यान असावी. आपल्या घाटात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पण हीच इंगळी कुणी नागपूरला मे महिन्यात बाल्कनीत ठेवली तर दुपारभरात संपेल. थंडीसाठी वर दिवा लावणंही वाईट. दिवा माती सुकवतो, आणि उजेड हा तिचा शत्रूच. पेटी मिक्सर, शिलाई मशीन किंवा मोठ्या आवाजाच्या टीव्हीजवळ कधी ठेवू नये. विंचवाला डोळे असतात, पण त्याचं जग चालतं ते पायांना जाणवणाऱ्या थरथरीवर आणि चिमट्यांवरच्या बारीक केसांवर. ज्याला आपण घरातली नेहमीची खडबड म्हणतो, ती त्याला शत्रूची चाहूल वाटते.

पाण्यासाठी उथळ झाकणी ठेवावी, तीत दोन-तीन खडे टाकावेत म्हणजे लहान विंचू बुडत नाही. काहीजण त्यात स्पंज घालतात. तो घालू नये, स्पंजात घाण साठते आणि जंतू वाढतात. इंगळी पाणी पिताना पाहण्यासारखी असते. ती पुढचं अंग खाली घालते, तोंडाजवळचे दोन लहान आकडे पाण्याला लावते आणि बराच वेळ तशीच राहते.

खाणं फार कमी लागतं. मोठ्या इंगळीला आठ-दहा दिवसांतून एखादा रातकिडा किंवा झुरळ पुरे. ती भक्ष्य चिरडून त्यावर पाचक रस सोडते आणि फक्त द्रव शोषून घेते. मागे उरतो तो चोथ्याचा गोळा. तो दुसऱ्या दिवशी काढायलाच हवा, नाहीतर त्यावर माइट नावाचे सूक्ष्म किडे माजतात, मग विंचवाच्या तोंडाशी आणि सांध्यांत जाऊन बसतात. न खाल्लेला जिवंत किडाही पेटीत राहू देऊ नये. महिनाभर खाल्लं नाही म्हणून घाबरून कोंबत बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पोटाच्या बाजू बघा. त्या तुकतुकीत ताणलेल्या असतील तर तिला भूक नाही.

आणि विष. शेतात फवारणी झाल्यावर पकडलेला नाकतोडा, घरात स्प्रे मारून अर्धमेलं झालेलं झुरळ, खोलीत रात्रभर जळणारी मच्छरची अगरबत्ती किंवा भिंतीत लावलेलं लिक्विड, यांतलं काहीही विंचवाला मारू शकतं. किडे मारणारं औषध विंचवाला वेगळं काढत नाही.

कात टाकणं हा विंचवाच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक प्रसंग. मोठं होईपर्यंत इंगळी पाच-सात वेळा कात टाकते, त्याला काही वर्षं जातात. आधी काही दिवस खाणं बंद करते, मंद होते. मग डोक्याच्या कवचाची पुढची कड उसवते आणि त्या फटीतून अख्खा प्राणी, चिमटे, आठ पाय, शेपटी, नांगीचं टोक, सगळं हळूहळू बाहेर ओढत येतो. बाहेर आलेली इंगळी फिकट, ओलसर आणि मऊ असते. पुढचे काही दिवस साधा रातकिडासुद्धा तिला कुरतडू शकतो. म्हणून मघाशी म्हटलं की जिवंत किडा आत ठेवू नये. या काळात पेटीला हात लावायचा नाही. अडकलेली कात चिमट्याने ओढून मदत करू पाहणारे तिचा पाय तोडून बसतात. आधीपासून ओल सांभाळली असेल तर मदतीची गरज पडत नाही.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की विंचू हिरवट-निळा चमकतो. हे दृश्य खरोखर सुंदर आहे, शाळेतल्या मुलांना जरूर दाखवावं. पण क्षणभर. तो प्रकाश सतत पडला तर त्याला अपाय होतो. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. कवच कडक होत जाईल तशी चमक येते.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ हे आपण सगळेच म्हणतो. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. इंगळीचा गर्भकाळ वर्षभराच्या आसपास असतो. पांढरी पिल्लं आईच्या पायांवरून पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. पिल्लं आईला खाऊन टाकतात हा आपल्याकडचा जुना समज, तो साफ चुकीचा. घडतं ते उलटच. सारखी पेटी उघडून बघितली, हलवली, उजेड पाडला तर बिथरलेली आईच पिल्लं खाते. एका पेटीत दोन मोठे विंचूही ठेवू नयेत, कधी कधी एकच उरतो.

हे सगळं हौशी लोकांपुरतं असतं तर मी तुमचा इतका वेळ घेतला नसता. आपल्याकडे विंचू बंदिस्त ठेवण्याचं खरं, मोलाचं काम झालं ते औषधासाठी. मुंबईत परळला १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ मध्ये जिला संस्थापक हाफकिन यांचं नाव मिळालं, तिचं नाव विंचूदंशावरच्या प्रतिविषाशी जोडलेलं आहे. प्रतिविष करायला आधी विष लागतं. जिवंत लाल विंचवाच्या शेपटीला विजेचा अगदी सौम्य झटका देऊन ते काढतात. एका विंचवातून मिळणारं विष मिलिग्रॅमच्या हिशेबात मोजायचं, आणि एकदा काढल्यावर ते पुन्हा भरायला दिवस जातात. मग घोड्यांना बेताबेताने टोचून त्यांच्या रक्तातून औषध तयार होतं. विंचू आजारी पडले, उपाशी राहिले, बुरशीने मेले, तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

लाल विंचू म्हणजे इंगळी नव्हे, हा फरक प्रत्येक घरात माहीत असावा. इंगळी मोठी, काळी, तिचे चिमटे जाड. तिच्या दंशाने आग होते, सूज येते, पण सहसा जीव जात नाही. लाल विंचू तिच्यापेक्षा लहान, चिमटे बारीक, शेपटी मात्र जाड. तो कोकणात जांभ्याच्या गडग्यात, कौलांत, लाकडांच्या ढिगात सापडतो. त्याच्या विषाचा मार थेट हृदयावर बसतो. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, पुढे फुप्फुसात पाणी भरतं. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर आयुष्य वेचलं. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध वेळेत दिलं तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी गंभीर रुग्णांतले तीसेक टक्के दगावत. ते प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचू घरात पाळण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये, आणि चावल्यास मंत्र-उताऱ्यात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा.

राहता राहिली आपली इंगळी. अणशी १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००७ मध्ये दांडेलीसह व्याघ्र प्रकल्पात गेलं, आणि २०१५ पासून तो प्रकल्प काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय उद्यानातून कुठलाही वन्यजीव उचलून नेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो वाघ असो की विंचू. परदेशी एम्परर विंचू कुणाकडे असेल तर त्याचीही नोंद आता केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. माझं मत विचाराल तर ज्या प्राण्याला वाढायला काही वर्षं लागतात, ज्याची मादी वर्षभर गर्भ सांभाळते, त्याला रानातून गोळा करून विकणं हा त्या रानावर घाला आहे. हौसेला तेवढी किंमत देऊ नये.

अणशी, कद्रा, जोयडा परिसरातल्या श्रोत्यांना एवढीच विनंती आहे. पावसात इंगळी घरात आली तर चपलेने चिरडू नका. तिच्यावर बरणी पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि अंगणापलीकडच्या झाडोऱ्यात तिला सोडून द्या. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि सकाळी चपला-बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका.