रुग्णाचे समाधान : मानसोपचाराची खरी कसोटी



मानसिक आजार म्हटला की, अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर उंच भिंतीचे इस्पितळ आणि कुलूपबंद खोली उभी राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. बहुसंख्य मनोरुग्ण घरीच राहतात, शेतात वा कचेरीत काम करतात आणि ठराविक मुदतीने बाह्यरुग्ण विभागात तपासणीसाठी येतात. त्यांचे सावरणे या लहानशा भेटींवर अवलंबून असते. तेथून परतणारा रुग्ण समाधानाने परततो की नाही, हा म्हणूनच केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे. तो उपचाराचाच एक भाग होय.

नैराश्यावरील औषधाचे उदाहरण घ्यावे. त्याचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, सुस्ती असे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू शकतात. ही गोष्ट कोणी आधी समजावून सांगितली असेल, तर रुग्ण धीर धरतो. सांगितली नसेल, तर ‘हे औषध मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून तो गोळ्या बंद करतो. पुढल्या तारखेस तो येत नाही आणि बरे वाटू लागण्याच्या आतच उपचार खंडित होतो. आजार बळावतो, तेव्हा दोष औषधाला किंवा दैवाला दिला जातो.

एखाद्या दूरच्या गावातील शेतमजूर डोळ्यांसमोर आणावा. एका दिवसाची मजुरी बुडवून, बरोबर घरचे एक माणूस घेऊन तो पहाटेच्या बसने शहर गाठतो. केसपेपरसाठी एक रांग, डॉक्टरांच्या दारी दुसरी, औषधाच्या खिडकीपाशी तिसरी. आजाराचे नाव चारचौघांत मोठ्याने उच्चारले जाते. आत पाच मिनिटांत तपासणी उरकते आणि खिडकीवर कळते की, चारपैकी एक औषध शिल्लक नाही. औषधयोजना अचूक असूनही हा मनुष्य पुन्हा येईल, याची शाश्वती कोण देणार? त्याच्या दृष्टीने समाधानाचा अर्थ साधा आहे : म्हणणे ऐकून घेतले जावे, आजार व औषध समजेल अशा भाषेत सांगितले जावे, गुपित गुपितच राहावे आणि सांगितलेले औषध मिळावे.

ऐकून घेण्याचे महत्त्व गोव्यात झालेल्या एका मोठ्या प्रयोगातून दिसून आले आहे. ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने सरकारी आरोग्य केंद्रे व खाजगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी ‘मानस’ नावाचा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशक हे स्थानिक, प्रशिक्षण दिलेले, परंतु डॉक्टर नसलेले कार्यकर्ते होते. ते रुग्णाशी स्वस्थपणे बोलत, आजाराची माहिती देत, औषधे नियमित घेण्याविषयी पाठपुरावा करीत आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य मिळवून देत. सरकारी केंद्रांत नैराश्य वा चिंताविकार असलेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी शंभरात सुमारे ६६ जण सावरले. जेथे समुपदेशक नव्हते, तेथे हे प्रमाण सुमारे ४३ होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. सरकारी केंद्रांतील गर्दीत रुग्णासाठी वेळ देणारा एक माणूस किती मोलाचा ठरतो, याची ही साक्ष आहे.

समाधान मोजावे कसे, हाही विचाराचा विषय आहे. अमेरिकेत १९७९ साली आठ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. ती आजही अनेक देशांत वापरली जाते. परंतु अशा प्रश्नांना बहुतेक रुग्ण ‘चांगले आहे’ असेच उत्तर देतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. औषध देणाऱ्याच्याच समोर बसून ‘समाधान झाले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य गरीब मनुष्याला होत नाही. यास्तव प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या विभागाबाहेरची असावी, नाव लिहिण्याची सक्ती नसावी, निरक्षरास तोंडी विचारावे आणि ‘समाधान आहे काय?’ याऐवजी ‘औषधाचे दुष्परिणाम कोणी सांगितले काय? किती वेळ थांबावे लागले?’ असे नेमके विचारावे. मुख्य म्हणजे, जे रुग्ण येईनासे झाले, त्यांची घरी जाऊन चौकशी व्हावी. खरे उत्तर पुष्कळदा त्यांच्याचपाशी असते.

कायद्यानेही रुग्णाला बळ दिले आहे. संसदेने २०१७ साली केलेला आणि २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम रुग्णाला उपचाराची माहिती मिळण्याचा, गुप्तता राखली जाण्याचा आणि सेवेतील उणिवांबद्दल तक्रार करण्याचा हक्क देतो. तक्रार म्हणजे कृतघ्नता नव्हे, हे रुग्णाने आणि तक्रार म्हणजे अवमान नव्हे, हे अधिकाऱ्याने ध्यानी घ्यावयास हवे.

या कामी प्रत्येकाचा वाटा आहे. अधिकाऱ्यांनी औषधसाठा तुटू देऊ नये व बोलण्यासाठी आडोशाची जागा द्यावी. शिक्षकांनी ‘वेडा’ हा शब्द वर्गातून हद्दपार करावा. ग्रामस्थांनी शेजारच्या रुग्णाला औषध सोडण्याचा सल्ला न देता पुढल्या तारखेची आठवण द्यावी. प्रवास शक्य नसेल, तेव्हा २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याला सांगावा.

बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत किती रुग्ण आले, याचा आकडा रोज लिहिला जातो. त्यांतील किती जण पुन्हा आले, हा आकडाही त्याच्या शेजारी लिहिला जाऊ लागेल, तेव्हा रुग्णाच्या समाधानाची खरी नोंद सुरू होईल.