पुडी आणायला पाठविलेले पोर
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



गाभारा नवा झाला, कळस चढला. या सभामंडपात पाचवी ते सातवीची मुलेही बसली आहेत. त्यांच्याविषयी दोन शब्द.

तंबाखू वाईट, हे त्यांनी शाळेत फळ्यावरून उतरवून घेतलेले असते. घरी आजोबा हाक मारतात, "बाळ, एक पुडी आण." आजीची मिसरी पोराच्याही बोटाला लागते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनेही तोंडाचा कर्करोग होतो. रोजच्या सुपारीने तर तोंड उघडेनासे होते.

वडीलधाऱ्यांना नाही म्हणणे हा उद्धटपणा, असे वळण लागलेल्या मुलाला "ठाम नकार द्या" एवढे सांगून भागत नाही. नकाराचे शब्दही घरच्या रीतीचे हवेत. "आजोबा, पाणी आणतो, पाय चेपतो, पुडी तेवढी सांगू नका." वर्गात छोटे नाटुकले करून हे वदवून घ्यावे. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. गुरुजींनी तसेच करावे. भीषण चित्रांनी पोरे दोन दिवस भितात, इतकेच.

२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच नाही. तेव्हा दुकानदाराने पोराला रिकाम्या हाताने परत पाठविले, तर आजोबांनी त्याच्याशी भांडायला जाऊ नये, एवढे आज देवासमोर ठरावे.