आतून कडी लावून



गणपतीच्या व्यासपीठावरून न्हाणीघराविषयी बोलतोय, म्हणून हसू नका. आमच्या घरी आई आंघोळीला टाळाटाळ करू लागल्या. "आज गारठा आहे," म्हणायच्या. भोपाळचा गारठा आम्हाला ठाऊक आहे. पण चैत्र लागला तरी तेच! शेवटी कळलं, त्या ओल्या कोटा फरशीवर एकदा घसरल्या होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या.

आम्ही लगेच दाराचा टब बघायला गेलो. त्यात आधी आत बसून दार लावायचं, मग पाणी भरायचं. आणि सगळं पाणी वाहून गेल्याशिवाय दार उघडायचं नाही. तोवर ओल्या अंगाने कुडकुडत बसा! शिवाय पाणी दीडशे-दोनशे लिटर, आणि आपला गीझर पंधरा-पंचवीस लिटरचा.

मग सुचलं, आईंनाच विचारावं. त्या म्हणाल्या, "मला आतून कडी लावून, माझी मी आंघोळ करता आली पाहिजे."

तेवढंच धरून बदल केले. पाटावरून उठताना गुडघे दगा देतात, म्हणून पाठ आणि हात असलेली, पायांना रबर लावलेली खुर्ची ठेवली. बसण्याची उंची पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. बादली खाली न ठेवता चौरंगावर. लांब नळीचा हातशॉवर, बसल्या जागी हाताला येईल असा. विटांच्या भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा; टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. अर्धांगवायू झालेल्यांसाठी दांडा धडधाकट बाजूला हवा. फरशी खरखरीत. दार बाहेर उघडणारं, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं. आणि कडी अशी, की वेळ आली तर बाहेरूनही उघडावी.

चाकाची खुर्ची असेल तर दार नव्वद सेंटिमीटर आणि वळायला दीड मीटर जागा हवी. जुन्या क्वार्टर्समध्ये ती कुठून आणणार? तिथे चाकं असलेली, अरुंद आंघोळीची खुर्ची बरी. पण उंबरठा मात्र काढावाच लागतो. मधुमेहींच्या पायांना चटका कळत नाही; बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम.

आई आता रोज स्वतः आंघोळ करतात. आम्ही बाहेर उभे असतो, उगाचच.

गणपती झाले की दिवाळी येईल. अभ्यंगस्नानाआधी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, "न्हाणीघरात भीती वाटते का?" ते आपणहून सांगणार नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!