संगणकाचें दप्तर आणि राखून ठेविलेली जागा

माझें आयुष्य शाळेच्या दप्तरांत गेलें. त्यामुळें आजचा विषय संगणकाचा असला, तरी मी त्याकडे दप्तराच्या दृष्टीनेंच पाहणार आहें. शाळेच्या जनरल रजिस्टरांत नांव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस यांसाठीं रकाने आंखलेले असतात, आणि शेवटीं 'शेरा' नांवाचा एक रिकामा रकाना असतो. त्या रिकाम्या रकान्यांतील शहाणपणच फाइल सिस्टीम रचणाऱ्याला अंगीं बाणवावें लागतें.

फाइल सिस्टीम म्हणजे चकतीवर कोणता मजकूर कोठें ठेविला आहे याची नोंदवही. ती लिहिणारा प्रोग्राम वरचेवर बदलतो. आपलीं पत्रें, हिशेब, नातवंडांचीं छायाचित्रें मात्र तींच राहतात. जुन्या प्रोग्रामाला नव्या धाटणीची वही उघडतां आली नाहीं, तर ती नुसती गैरसोय. पण न समजतां त्यानें तींत लिहिलें, तर सारें दप्तर बुडालें म्हणून समजावें.

लिनक्स प्रणालीनें १९९१ सालीं आरंभ केला तो मिनिक्सची फाइल सिस्टीम घेऊन. ती विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं रचलेली. फाइलीचें नांव १४ बाइटांहून लांब चालत नसे, व एकंदर जागा ६४ मेगाबाइटांपुढें जात नसे. (यूटीएफ-८ या हल्लींच्या संकेतांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातें, म्हणजे 'रामचंद्र' एवढें नांवही तेथें मावलें नसतें!) १९९२ सालीं रेमी कार्ड यांची 'एक्स्ट' ही रचना आली, व १९९३ सालीं 'एक्स्ट२'. हिच्या नोंदींत कांहीं जागा मुद्दाम मोकळी राखली होती. पुढें त्या जागेंत नव्या सोयींच्या खुणांचे तीन गट करण्यांत आले, आणि माझ्या मतें खरें कौशल्य तेथेंच आहे.

पहिल्या गटांतील खूण अनोळखी असली, तरी जुन्या प्रोग्रामानें खुशाल वाचावें व लिहावें. दुसऱ्या गटांतील असेल, तर वाचावें, पण लेखणीला हात लावूं नये. तिसऱ्या गटांतील दिसतांच वही मिटून ठेवावी. कारकुनाला दिलेली याहून स्पष्ट ताकीद माझ्या पाहण्यांत नाहीं.

२००१ सालीं लिनक्समध्यें दाखल झालेल्या 'एक्स्ट३'नें रोजकीर्दीची सोय जोडली. वीज अवचित गेली, तर अर्धवट राहिलेले फेरफार हिच्यावरून पुरे करितां येतात. रोजकीर्दीची खूण पहिल्या गटांतली. म्हणून नीट बंद केलेली चकती जुना एक्स्ट२ही उघडूं शके. मात्र चकती वापरांत असेपर्यंत तिसऱ्या गटांतली एक खूण उभी राहते, व चकती रीतसर बंद होतांच ती पुसली जाते. २००८ सालच्या 'एक्स्ट४'नें सलग जागेची एकत्र नोंद करण्याची नवी रीत आणली. ती जुन्या प्रोग्रामाला मुळींच वाचतां येण्यासारखी नसल्यामुळें तिची खूण तिसऱ्या गटांतच घातली गेली.

रिकामी जागा फुकट मिळत नाहीं, हेंही खरें. प्रत्येक फाइलीच्या जुन्या १२८ बाइटांच्या नोंदींत काळ मोजण्यास ३२ बिटेंच होतीं, आणि १९७० पासून मोजलेले सेकंद तींत १९ जानेवारी २०३८ रोजीं संपतात. एक्स्ट४नें नोंद २५६ बाइटांची करून त्या वाढीव जागेंत आणखी बिटें घातलीं, तेव्हां हिशेब २४४६ सालापर्यंत पोंचला. १२८ बाइटांवर आंखलेल्या चकत्यांना मात्र ती सवलत नाहीं.