पूर्वजांचे ताट
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अलीकडे आपल्या कित्येक घरांत भात-भाकरी वर्ज्य करून तूप, लोणी व मांस यांवर राहण्याची प्रथा शिरली आहे. ‘आदिमानव असेच खात असे,’ हे तिचे समर्थन. पण कोणता आदिमानव? उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोक सील व मासे यांच्या चरबीवर जगत, हे खरे. त्या हिमभूमीत धान्य पिकतच नाही. उलट टांझानियातील हाद्झा शिकारी मांसाबरोबर कंदमुळे व मधही आवडीने खातात. गॅलिली सरोवराकाठी ओहालो येथे तर सुमारे २३,००० वर्षांपूर्वी, शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी, माणसे रानटी जव-गहू वेचून दगडावर भरडीत होती. सारांश, पूर्वजांचे ताट एक नव्हते; ज्या भूमीने जे दिले, ते त्यांनी खाल्ले.

पिष्टमय अन्न कमी केल्याने मधुमेह्याच्या रक्तातील साखर उतरते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आमच्याच घरी, इन्सुलिन चालू असता वडीलधाऱ्यांनी एकाएकी भाकरी सोडली आणि साखर इतकी उतरली की त्यांची शुद्ध हरपली. म्हणून विनंती एवढीच की, ताट बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पूर्वजांची साक्ष काढू नये.