तीन मिलिमीटर

श्रोतेहो, मी कवी माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं आणि तेव्हापासून शब्दांच्याच नादाला लागलो. मी इलेक्ट्रिक गिटारविषयी बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यापायी हे वाद्य मला समजून घ्यावं लागलं.

माझ्या धाकट्या मुलीने कॉलेजात असताना शिकवण्या करून पैसे साठवले. कविसंमेलनांच्या मानधनातून मी त्यात थोडी भर घातली. दुकानात विक्रेता म्हणाला, "ही घ्या. हिची नेक सगळ्यात पातळ. बोटं नुसती पळतील." नेक म्हणजे गिटारची दांडी, जिच्यावर डावा हात फिरतो. पोरीला वेगाची हौस. आम्ही तीच गिटार घेतली.

तीन महिन्यांत तिच्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. वीस मिनिटं वाजवलं की ती हात झटकायची. मी वडिलकीने सांगितलं, "सराव कमी पडतोय. हात दुखल्याशिवाय रियाज होत नाही." ती मुकाट्याने वाजवत राहिली. मग एके दिवशी तिने गिटार पेटीत ठेवली आणि म्हणाली, "अब्बा, माझ्या हातातच काही नाही." डॉक्टरांनी हात तपासून तीन आठवडे विश्रांती सांगितली. त्या दिवशी मला माझ्याच वाक्याची लाज वाटली.

आम्ही मिरजेचे. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांचं हे गाव. हात बरा झाल्यावर मी तिला ओळखीच्या एका कारागीर चाचांकडे नेलं. त्यांनी तिला वाजवायला सांगितलं, दोन मिनिटं नुसता हात पाहिला आणि म्हणाले, "बेटी, तू दांडी धरत नाहीस, चिमटीत आवळतेस." तिच्या मैत्रिणीकडे एक जुनी गिटार होती. ती मागवून घेतली. तिच्यावर मुलीचा हात बघता बघता सैल झाला. चाचांनी दोन्ही दांड्यांना कॅलिपर लावला. पहिल्या पडद्यापाशी आमची गिटार 19 मिलिमीटर जाड भरली आणि मैत्रिणीची 22. फरक अवघा तीन मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा!

एवढ्याशा फरकाने असं का व्हावं? दांडी जाडसर असली की ती तळव्यात भरते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात ती टेकते आणि भार सगळ्या हातावर वाटला जातो. दांडी फार पातळ असली की तळवा रिकामा राहतो, अंगठा मागून जोर लावतो आणि त्याच्या बुडाचा स्नायू थकतो. हे मला कळायला हवं होतं. बी.ए.च्या परीक्षेत बारीक बॉलपेनने लिहिताना माझी बोटं आखडायची. तेव्हा मी पेनाला चिंधी गुंडाळली होती आणि हात सुटला होता.

पण पातळ दांडी वाईट, असंही नाही. अंगठा तिच्या पाठीमागे मधोमध ठेवला तर बोटं लांबवर पसरतात आणि दूरचे पडदे सहज गाठता येतात. लहान हाताच्या कित्येकांना तीच सोयीची वाटते.

ही पातळ दांडी आली कुठून? पोलादी तारांचा ताण लाकडाला वाकवतो, म्हणून पूर्वी दांड्या जाडच ठेवाव्या लागत. 1920 च्या दशकात अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने दांडीच्या पोटात पोलादी सळई बसवली. सळईने ताण पेलला आणि लाकूड कमी करणं शक्य झालं. 1952 मध्ये गिब्सनची लेस पॉल गिटार आली. त्या दशकातल्या तिच्या दांड्या पहिल्या पडद्यापाशी साधारण 23 मिलिमीटर जाड असत. 1960 मध्ये त्या 20 च्या आसपास आल्या. पुढे 1980 च्या दशकात भरधाव वादनाची लाट उसळली. 1987 मध्ये जपानच्या आयबानेझ कंपनीने स्टीव्ह वाय या वादकाबरोबर गिटार काढली आणि तिच्या पातळ, चपट्या दांड्या जगभर पोचल्या. 'पातळ म्हणजे वेगवान' हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

पण त्याच काळात वेगासाठी गाजलेल्या इंग्वे माल्मस्टीनने वेगळीच वाट धरली. त्याच्या गिटारवर पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. बोट लाकडाला टेकत नाही, नुसत्या तारेला लागतं. म्हणजे वेगाची किल्ली एकट्या जाडीत नाही. तार पडद्यापासून किती उंच आहे, दांडीच्या पाठीचं पॉलिश हाताला चिकटतं की सरकू देतं, पाठीचा आकार गोल आहे की मधे कणा काढलेला, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दाब. सूर स्वच्छ निघेल इतकंच दाबावं. आवळलेला हात कुठल्याही दांडीवर मंदच चालतो.

म्हणून श्रोतेहो, घरातलं कुणी गिटार घ्यायला निघालं तर दुकानात दोन मिनिटं नव्हे, वीस मिनिटं वाजवून पाहायला सांगा. बसून वाजवावं, पट्टा लावून उभ्यानेही वाजवावं. एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून पाहाव्यात. अंगठा कुरकुरला तर दुसरी दांडी हातात घ्यावी. आणि विक्रेता वेगाचं सांगायला लागला की आपण आपल्या हाताचं ऐकावं.

आम्ही ती गिटार तोटा सोसून बदलली. मुलगी आता तासभर वाजवते. तिचा वेगही वाढला आहे, पण तिला आता त्याची घाई नाही. मधूनच मी दारात उभा राहतो. पूर्वी विचारायचो, "रियाज झाला का?" आता विचारतो, "हात दुखत नाही ना?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)