शेवटचा शब्द तिचा



बक्षीस मिळवणाऱ्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. आज मी तुम्हाला गणिताच्या एका प्राध्यापकांची ओळख करून देणार आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. अशी मरणं तेव्हा घरोघरी होत आणि लोक नशिबाला बोल लावून गप्प बसत.

रघुनाथराव गप्प बसले नाहीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मूल कधी, किती, की नकोच, हे बाईला ठरवता आलं पाहिजे, असं ते उघडपणे सांगत. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. स्वतः लिहायचं, स्वतः मुद्रितं तपासायची, वर पदरमोड करायची. या सगळ्यात पत्नी मालतीबाई खंबीरपणे त्यांच्या पाठीशी होत्या. मूल नको हे दोघांनी मिळून ठरवलं आणि नसबंदीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी करून घेतली. मुलांनो, हे ध्यानात ठेवा. आजही नसबंदी बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येते.

वाचक पत्रातून अडचणी विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला, पण मासिक बंद पडलं नाही. १९५३ मध्ये कर्वे गेले, तोवर ते चालू होतं.

पुढे १९७१ साली देशात गर्भपाताचा कायदा आला. त्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तरीही कित्येकींना ‘नवऱ्याची सही आणा’ असं आजही ऐकावं लागतं. कायदा कागदावर बदलला, माणसं बदलायची राहिली आहेत, आणि ते काम तुमचं आहे. मुलींनो, आपल्या शरीराबद्दलचे प्रश्न डॉक्टरांना न लाजता विचारा. मुलांनो, उद्या संसार कराल तेव्हा जबाबदारी निम्मी उचला, आणि तिच्या शरीराबद्दल शेवटचा शब्द तिचाच राहू द्या.